रिकामा हात : लहान मुलांच्या कराटे-वर्गाविषयी

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या दुसऱ्या सत्रात आपल्या शाळेने पहिली ते चौथीच्या मुलामुलींसाठी कराटेचा वर्ग प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. आठवड्यातून दोन दिवस, सायंकाळच्या वंदनेपूर्वी चाळीस मिनिटे, आणि एकंदर तीन महिने, एवढेच त्याचे स्वरूप होते. उपक्रम लहानसाच, परंतु त्याविषयी आम्हां शिक्षकांना जितके प्रश्न विचारले गेले, तितके गणिताच्या नव्या पुस्तकाविषयीही कोणी विचारले नव्हते. पालक-सभेत एका आजीबाईंनी तर सरळच विचारले, "गुरुजी, लेकराला मारायला शिकवता का मार खायला?" काही माजी विद्यार्थ्यांनी आनंद व्यक्त केला, तो बहुधा बोधिधर्माच्या अभिमानापोटी. अन्य काहींचा आक्षेप असा, की तथागतांच्या विचाराने चालणाऱ्या शाळेत ठोसे आणि लाथा कशासाठी? स्मरणिकेच्या निमित्ताने या सर्वांना एकत्र उत्तर द्यावे, आणि ते देता देता ही विद्या मुळात काय आहे व लहान मुलांपर्यंत ती कशी आली हेही सांगावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम बोधिधर्माविषयी, कारण तो विषय आपल्या समाजाला प्रिय आहे. दक्षिण भारतातून एक भिक्खू चीनमध्ये गेला, शाओलिन विहारातील भिक्खूंना त्याने व्यायाम व युद्धकला शिकविली, आणि तिच्यातूनच पुढे कराटे जन्मास आले, अशी कथा कराटेच्या बहुतेक वर्गांत सांगितली जाते. बोधिधर्माचा ध्यानपरंपरेतील अधिकार मोठाच आहे. परंतु त्याच्याविषयीच्या सर्वांत जुन्या चिनी उल्लेखांत युद्धकलेचा एक शब्दही नाही; त्याचे नाव व्यायामाशी जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनी रचलेला आहे. शाओलिनच्या भिक्खूंनी इ. स. 621 मध्ये तांग राजपुत्राला लढाईत साहाय्य केले, याला मात्र शिलालेखाचा आधार आहे. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी दंतकथांखाली गाडला, त्या समाजाने स्वतःसाठी नव्या दंतकथा जवळ करू नयेत, असे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस वाटते. ही कथा मुलांना सांगावी; पण कथा म्हणून सांगावी.

दुसरी दंतकथा आपल्याला याहूनही मोहक वाटेल अशी आहे. ओकिनावा बेटावर परक्या राज्यकर्त्यांनी शस्त्रे काढून घेतली, तेव्हा नि:शस्त्र शेतकऱ्यांनी रिकाम्या हातांनी लढण्याची विद्या निर्माण केली, असे सांगितले जाते. शस्त्र नाकारलेल्या माणसांची विद्या! आपल्या मनाची तार लगेच छेडली जाते. कागदपत्रे मात्र थोडे निराळे सांगतात. ओकिनावा हे र्‍युक्यू नावाच्या स्वतंत्र राज्याचे मुख्य बेट होते. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकले आणि 1879 मध्ये जपानने ते आपला एक प्रांत म्हणून विलीन करून घेतले. या काळात ज्यांनी ही विद्या जोपासली, त्या उस्तादांपैकी बरेच जण राज्याच्या चाकरीतील मानाच्या वर्गातले होते. चीनशी व्यापार व राजनैतिक संबंध असल्यामुळे तिकडच्या हस्तयुद्धाचा स्थानिक विद्येशी मिलाफ झाला. शुरी, नाहा आणि तोमारी या वस्त्यांच्या नावांवरून तिचे प्रकारही ओळखले जात.

मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे, आणि दंतकथांच्या गर्दीत तोच सांगायचा राहून जातो. हातातोंडाची गाठ पडेपर्यंत गुप्तपणे, एकेका शिष्याला शिकविली जाणारी ही विद्या शाळेच्या मैदानावर आणली ती इतोसू आंको या वृद्ध उस्तादांनी. 1901 च्या सुमारास शुरीच्या प्राथमिक शाळेत त्यांनी ती व्यायाम म्हणून सुरू केली. जुने हालचाल-क्रम लांबलचक आणि काही अंशी धोक्याचे होते. इतोसूंनी त्यांतून लहान, क्रमाने अवघड होत जाणारे पाच पाठ बांधले आणि त्यांना 'पिनान' हे नाव दिले. 'पिनान' म्हणजे शांत, सुखरूप. आज जगभरातील मुले कराटेच्या आरंभी हेच पाठ थोड्याफार फरकाने शिकतात. ही विद्या पुढे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे फुनाकोशी गिचिन हेही पेशाने प्राथमिक शिक्षक होते. 1922 मध्ये तोक्यो येथे शिक्षण खात्याच्या प्रदर्शनात त्यांनी कराटेचे प्रात्यक्षिक केले आणि ते तिथेच राहिले. पांढरा गणवेश आणि पट्ट्यांची पद्धत कराटेने ज्युदोकडून उचलली. त्या ज्युदोचे जनक कानो जिगोरो हेही नामवंत शिक्षणतज्ज्ञ होते. सारांश, मुलांचे कराटे म्हणून आज आपण जे ओळखतो ते रणांगणावर नव्हे, शाळेत घडले, मास्तरांनी घडविले.

पण शाळा कोणासाठी चालते, हा प्रश्न तिथेही होता. इतोसूंनी 1908 मध्ये सरकारला लिहिलेल्या पत्रात, मुलांना ही विद्या प्राथमिक शाळेपासून शिकविल्यास पुढे ती सैन्यास उपयोगी पडेल, असाही युक्तिवाद केला होता. त्या युक्तिवादाला पुढे जी फळे आली, ती आशियातील अनेक देशांनी भोगली. विद्येचे नावही याच काळात बदलले. पूर्वी त्याचा अर्थ 'चिनी हात' असा होता. 1936 मध्ये नाहा येथे जमलेल्या उस्तादांनी 'रिकामा हात' या अर्थाच्या लिपिचिन्हास मान्यता दिली. 'कारा' या उच्चाराचे हे चिन्ह चिनी बौद्ध ग्रंथांत 'शून्यता' या शब्दासाठी वापरले जाते, ही गोष्ट धम्माच्या अभ्यासकास सुखावणारी आहे. मात्र चीनशी वैर वाढत असताना नावातील चीन पुसून टाकणे जपानला सोयीचे होते, हेही त्याच चिन्हामागे दडलेले आहे. एकाच कवायतीतून आज्ञाधारक शिपाई घडविता येतो आणि निर्भय नागरिकही. कोणता घडवायचा हे ती कवायत ठरवीत नाही, शिकविणारा ठरवितो. म्हणूनच हा वर्ग बाहेरच्या प्रशिक्षकाच्या हाती सोपवून मोकळे होणे आम्हांस मान्य नव्हते. प्रत्येक तासाला शाळेचा एक शिक्षक आणि वसतिगृहाच्या ताई मैदानावर हजर असत, आणि बहुधा मुलांबरोबर हातपायही हलवीत.

आता अहिंसेविषयी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हिंसा करण्याची इच्छा आणि हिंसा करण्याची गरज यांत स्पष्ट भेद केला आहे, आणि अहिंसा हा आंधळेपणाने पाळावयाचा नियम नसून विवेकाने आचरावयाचे तत्त्व आहे, असे मांडले आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी सिंह सेनापतीचा प्रसंग घेतला, तोही याच संदर्भात. वाचकांनी ही दोन्ही स्थळे पुन्हा एकदा वाचावीत. आम्ही येथे ग्रंथाऐवजी एका घटनेकडे लक्ष वेधू इच्छितो. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून आपली माणसे मंडपात परतली. त्यांच्यावर, त्यांतील कित्येक जेवत असताना, लाठ्याकाठ्या घेऊन जमाव चालून आला. आपल्या लोकांत त्या दिवशी सैन्यातून निवृत्त झालेले किती तरी जण होते. प्रतिहल्ला करण्याचे बळ त्यांच्या अंगी होते, केवळ शब्दाची वाट होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही, शांततेचा दिला. आणि तो पाळला गेला. ज्याच्यात प्रतिकाराची शक्तीच नाही, त्याच्या गप्प राहण्याला संयम म्हणत नाहीत. महाडचा संयम हा समर्थांचा संयम होता. त्या आजीबाईंच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच : मारायलाही नाही, मार खायलाही नाही, उगारलेला हात आपणहून थांबविण्यास शिकवितो. कराटेत ठोसा समोरच्याच्या अंगाला लागण्याआधी थांबविणे हाच मुख्य अभ्यास असतो, आणि पहिला प्रहार आपल्याकडून होऊ नये हे त्या विद्येचे वळणच आहे. सात वर्षांच्या मुलाला 'थांबणे' हे 'मारणे' यापेक्षा कितीतरी अवघड जाते, हे कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे.

शरीर कमावणे ही आपल्या चळवळीला परकी गोष्ट नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. समता सैनिक दलाची शिस्त ज्यांनी पाहिली, असे वृद्ध कार्यकर्ते काही गावांत कालपरवापर्यंत होते. मग कुस्तीच का नको, असे विचारले गेले. कुस्ती उत्तमच, परंतु तिला आखाडा हवा, वस्ताद हवा, खुराक हवा, आणि सहा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र शिकविण्यास ती सोयीची नाही. कराटेला सपाट जमीन पुरते.

एका वडीलधाऱ्या पालकांचा आक्षेप आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्यामागे पिढ्यांची जखम होती. वर्गाच्या आरंभी मुले कमरेत वाकून प्रशिक्षकांना नमन करतात, हे पाहून ते म्हणाले, "वाकण्यातून बाबासाहेबांनी सोडवलं आम्हाला. आता नातवंडांना पुन्हा वाकवता?" प्रश्न ऐकून सभेत शांतता पसरली होती. आपल्या पूर्वजांना घालावा लागणारा जोहार एकतर्फी होता. वाकणारा एक आणि ताठ उभा राहणारा दुसरा. त्याच्या जागी 'जय भीम' आला तेव्हा केवळ शब्द बदलला नाही. 'जय भीम'ला उत्तरही 'जय भीम' असेच असते. म्हणणारा आणि ऐकणारा एकाच पातळीवर उभे राहतात. कराटेतील नमनाची कसोटी आम्ही हीच लावली. मुले वाकतात तेव्हा प्रशिक्षकही तितकेच वाकतात. सरावाच्या जोडीतील मोठा मुलगा लहान मुलीपुढे आणि लहान मुलगी मोठ्या मुलापुढे सारखीच वाकते. जिथे शिष्यच वाकतात आणि गुरू कमरेवर हात ठेवून उभा असतो, असा वर्ग पालकांनी कुठेही पाहिला तर तेथून मूल खुशाल काढून घ्यावे. आपल्या वर्गात आरंभी व शेवटी 'जय भीम' म्हणण्याची प्रथा मुलांनीच सुरू केली. प्रशिक्षक दुसऱ्या धर्माचे होते; तेही म्हणू लागले.

आता प्रत्यक्ष वर्गात काय चालते ते सांगतो. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाचे लक्ष फार वेळ एका जागी टिकत नाही, म्हणून चाळीस मिनिटांचे तुकडे करावे लागतात. प्रथम धावणे, उड्या, सांधे मोकळे करणे. मग घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून उभे राहणे, एका पायावर तोल सांभाळणे, उजव्या-डाव्या हाताची अदलाबदल. मग पडावे कसे याचा खेळ, आणि शेवटी ठरावीक हालचालींचा क्रम, ज्याला 'काता' म्हणतात. मोजणी जपानी भाषेत होते : इची, नी, सान, शी, गो. आमच्या मुलांना ही मोजणी इतकी आवडली, की भोजनगृहात पोळ्याही तिच्यातच मोजल्या जाऊ लागल्या. जोडीने करावयाच्या झुंजीला 'कुमिते' म्हणतात. या वयात ती केवळ ठरवून दिलेल्या हालचालींची आणि अंगाला स्पर्श न करता असावी.

शरीराविषयी एक गोष्ट पालकांनी पक्की ध्यानात ठेवावी. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो आणि तो किशोरवय संपत येईपर्यंत पुरता टणक होत नाही. म्हणून मुठींच्या गाठींवर जोर काढणे, फळ्या व कौले फोडणे, पोटावर ठोसे झेलणे, पाय ताणण्यासाठी कोणीतरी वरून दाब देणे, हे प्रकार या वयात सर्वथा वर्ज्य समजावेत. डोक्यावर प्रहार तर कोणत्याच रूपात नको. गणेशोत्सवाच्या किंवा आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत चिमुरड्यांकडून कौले फोडून घेतात आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्या ऐकून आम्हांस वाईट वाटते.

कराटेतील एक अंग असे आहे की ज्याचा आम्ही आधी फारसा विचार केला नव्हता, आणि तेच सर्वांत फलदायी ठरले. प्रहाराच्या क्षणी पोटातून मोठ्याने आवाज काढावयाचा असतो, त्यास 'किआई' म्हणतात. आपल्या शाळेत ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुले पुष्कळ आहेत. फडावर, भट्टीवर, मुकादमासमोर, मालकाच्या दारात हळू बोलण्याची सवय त्यांच्या घरादाराला लागलेली असते, आणि मुलींना तर दुहेरी. पहिल्या आठवड्यात दुसरीच्या काही मुली तोंड उघडत, पण आवाज बाहेर येत नसे. प्रशिक्षकांनी सक्ती केली नाही. महिन्याभराने त्यांतील एकीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि मावशी काय झाले म्हणून धावत आल्या. ती मुलगी वर्गात आता वाचनही उभ्याने, खणखणीत करते. याचे सारे श्रेय कराटेला द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. वर्गशिक्षिकेचे कष्टही त्यात आहेत. परंतु ओरडण्याची परवानगी, तीही गुरुजनांकडून, ही त्या मुलीस आयुष्यात प्रथमच मिळाली होती.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. कराटे शिकले म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे मुळीच नाही. सात वर्षांचे मूल प्रौढ माणसाला ठोशाने रोखू शकत नाही. तसे त्याला वाटू देणे ही फसवणूक होय. त्याचे संरक्षण तीन गोष्टींत आहे : मोठ्याने ओरडणे, पळून जाणे आणि विश्वासाच्या माणसाला सांगणे. मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची असते, हे पोलिसांच्या नोंदी वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. म्हणून वर्गात प्रशिक्षकांबरोबर ताईंनीही वेळ घेतला, शरीरावर आपलाच अधिकार कसा असतो ते मुलांच्या भाषेत सांगितले, आणि 1098 हा बालसाहाय्य क्रमांक कवितेसारखा पाठ करून घेतला. समग्र शिक्षा योजनेत मुलींसाठी स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण ती सहावीपासून पुढे. लहानांचा विचार आपला आपणच करावा लागतो.

वसतिगृहात याचा दुरुपयोग होईल, ही भीती खोटी नव्हती. पहिल्या पंधरवड्यातच तिसरीच्या एका मुलाने झोपण्याच्या खोलीत दुसऱ्याला लाथ घातली. बालकांचा मोफत व सक्तीचा शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी, मारू नको हे मारून शिकविण्यात अर्थ काय? दुसऱ्या दिवशी सर्वांना गोलात बसवून विचारले, की काय करावे. मुलांनी ठरविले : वर्गाबाहेर जो हात-पाय चालवील, त्याने पुढचे दोन तास बाजूला बसून मोजणी म्हणावी. त्या मुलाने ती म्हटली, आणि नंतर कुरकुरही केली, की माझ्यापेक्षा मोजणारे दुसरे चांगले नाहीत. तीन महिन्यांत त्या नियमाची गरज आणखी दोनदाच पडली. मोठ्या मुलांनी लहानांना दमदाटी करण्याचे प्रकार मात्र यामुळे थांबले असे म्हणता येणार नाही. तो प्रश्न निराळा आहे आणि रात्रीच्या वेळी ताई व अधीक्षक जागे असण्यानेच तो सुटतो.

पट्ट्यांविषयी थोडे. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा, अशी चढती श्रेणी बहुतेक ठिकाणी असते. क्रम संस्थेनुसार बदलतो. श्रेणीबद्धतेचा चटका ज्या समाजाला बसला त्याने या उतरंडीकडे थोड्या संशयानेच पाहावे! फरक एवढाच, की येथे जन्माने कोणी काळा पट्टा घेऊन येत नाही आणि पांढऱ्यावर कोणाला कायमचे अडवून धरता येत नाही. खरा दोष आहे तो बाजाराचा. देशात कराटेच्या अनेक संघटना आहेत, एकीचे प्रमाणपत्र दुसरी मानीत नाही, आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला शुल्क, दर शुल्कामागे नवा पट्टा असे चक्र पुष्कळ ठिकाणी फिरते. आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेला काळा पट्टा दिसला तर कौतुकापूर्वी चौकशी करावी. आपल्या प्रयोगात परीक्षा ठेवली नव्हती आणि गणवेशही सक्तीचा नव्हता. खेळाच्या कपड्यांत, अनवाणी पायांनी सर्व मुले सारखी दिसत.

आपल्या गावी मुलाला असा वर्ग लावू इच्छिणाऱ्या पालकांसाठी इतकेच सांगतो. पैसे भरण्याआधी दोन तास बाजूला बसून पाहावे. पाहू दिले नाही तर तो वर्ग आपला नव्हे. सर्वांत चपळ मुलाकडे न पाहता सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाकडे पाहावे. प्रशिक्षक त्याला कसे वागवितात, त्यावर हसू देतात काय, हे पाहिले की पुरे. मुलीला हात लावून पवित्रा दुरुस्त करण्यापूर्वी सांगतात काय, कपडे बदलण्याची निराळी सोय आहे काय, वर्गात आणखी एखादी मोठी व्यक्ती असते काय, हेही पाहावे. 2012 च्या पोक्सो कायद्याचे नाव काढताच जो प्रशिक्षक दुखावतो त्याच्यापासून दूर राहावे. आमच्या प्रशिक्षकांनी पोलीस पडताळणीचा दाखला स्वतःहून आणून दिला होता. मुलाला महिन्याभराने नको वाटले तर सोडू द्यावे. आपल्या वर्गातही काही मुले तिसऱ्या आठवड्यानंतर लेझमाकडे परत गेली, आणि तिथे ती आनंदात आहेत.

येत्या जूनपासून वर्ग पुन्हा सुरू होत आहे. या वेळी मुलींसाठी महिला प्रशिक्षक मिळाव्यात असा प्रयत्न चालू आहे. शाळेच्या माजी विद्यार्थिनींपैकी काही जणींनी शिक्षणानंतर ही विद्या आत्मसात केल्याचे कानावर आले आहे. त्यांनी महिन्यातून एक शनिवार जरी दिला, तरी आमचे काम पुष्कळ हलके होईल. मैदानाच्या पूर्वेकडील कोपऱ्यातले खडे वेचून तेवढी जागा सपाट करण्याचे काम सातवीच्या मुलांनी उन्हाळी सुटीपूर्वीच पुरे केले आहे.